फॉरेस्ट प्लॉट सगळ्यात शेवटी: सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा क्रम

"मॅडम, सगळं झालंय. फक्त फॉरेस्ट प्लॉट काढून द्या."

थीसिस जमा करायला तीन आठवडे उरले की मिरजेत माझ्याकडे येणाऱ्या पीजीच्या मुलांचं हे ठरलेलं वाक्य. सोबत एक एक्सेल फाइल असते, तीत वीस-बावीस पेपरांची नावं. मी विचारते, हेच बावीस का? "गूगलवर मिळाले ते." सोडून दिलेले कुठे आहेत? "ते डिलीट केले." फॉरेस्ट प्लॉट म्हणजे प्रत्येक अभ्यासाचा निकाल एकाखाली एक, वजनाप्रमाणे लहान-मोठ्या चौकोनांनी दाखवणारं चित्र. अशा वेळी तो काढून देण्यात अर्थ नसतो. काढून दिला तर तो दिसतो छान, पण त्याखाली काही नसतं.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास आधी ठरवलेल्या नियमांनी शोधून, तपासून एकत्र मांडणं. त्यात गणित थोडं आणि निर्णय फार. कोणता अभ्यास घ्यायचा, कोणता सोडायचा, कोणत्या आठवड्याचा आकडा धरायचा, हे निर्णय निकाल डोळ्यांसमोर येण्याआधी लिहून ठेवावे लागतात. निकाल बघून नियम ठरवणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला बसणं. म्हणून या लेखात क्रमावर भर आहे.

उदाहरण म्हणून हळद घेते. सांगली-मिरजेच्या माणसाला दुसरं काय सुचणार! प्रश्न असा: डोक्या-मानेच्या कॅन्सरला रेडिएशन चालू असताना तोंड सोलवटतं, व्रण पडतात. त्याला म्युकोसायटिस म्हणतात. हळदीच्या किंवा कर्क्युमिनच्या गुळण्यांनी तो त्रास कमी होतो का? या विषयावर रिव्ह्यू आधीच झालेले आहेत, तेव्हा हाच विषय उचलू नका. चुका कुठे होतात हे दाखवायला मात्र तो फार सोयीचा आहे.

## आधीची तयारी

माणसं किमान दोन लागतात, मतभेद मिटवायला तिसरं. एकट्यानं केलेल्या निवडीत पेपर निसटतात आणि निसटले हे कळतही नाही. गाइड सरांचं नाव वर लावलं म्हणजे दुसरा रिव्ह्यूअर झाला असं नाही. दुसऱ्या माणसानं खरोखर बसून शेकडो सारांश वाचायचे असतात. मैत्रिणीला आधीच विचारा, "दोन महिने रोज तासभर देशील का?" ती गप्प बसली तर दुसरी शोधा.

वेळ सहा महिने ते वर्ष धरा. तीन आठवड्यांत होतो तो निबंध.

बरीचशी साधनं फुकटात मिळतात. संदर्भ ठेवायला झोटेरो, चाळणीला रायान, माहिती भरायला साधी एक्सेल, विश्लेषणाला आर, किंवा वर्गणी असेल तर रेव्हमॅन. शिवाय एक वही. हो, कागदाची. तीत तारीख टाकून प्रत्येक निर्णय लिहायचा: "पेटंट औषधाच्या मिश्रणात हळद असेल तर घ्यायचं नाही, कारण परिणाम कशाचा ते कळणार नाही." सहा महिन्यांनी हेच वाक्य तुम्हाला वाचवतं.

एथिक्स कमिटीचा घोळ इथेच मिटवा. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, सार्वजनिक माहितीवर आधारित सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला पूर्ण परीक्षणातून सूट मिळू शकते. पण ती सूट कमिटीनं द्यायची असते, आपली आपण घ्यायची नसते. अर्ज करा, पत्र घ्या, फाइलला लावा.

## टप्पा १: प्रश्न बांधणं

"हळद आणि कॅन्सर" हा प्रश्न नव्हे, तो विषय झाला. प्रश्नाला चार खुंट्या लागतात, ज्याला सगळे पिको म्हणतात: रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, मोजायचं काय.

आपल्या उदाहरणात रुग्ण म्हणजे डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणारे प्रौढ, केमो सोबत असो वा नसो. उपाय म्हणजे हळद किंवा कर्क्युमिन. इथेच पहिला प्रश्न उभा राहतो: फक्त गुळण्या, की जेल आणि कॅप्सूलही? गुळणी तोंडात लागते, कॅप्सूल पोटात जाते. दोन्ही घेतलं तरी चालेल, पण वेगवेगळे गट करणार हे आताच लिहा. तुलनेत एखाद्या अभ्यासात पोव्हिडोन-आयोडीनच्या गुळण्या असतील, दुसऱ्यात नुसती नेहमीची देखभाल. प्रत्येक तुलनेला वेगळा अर्थ असतो. "आयोडीनपेक्षा बरं" आणि "काहीच न करण्यापेक्षा बरं" यांना एकाच सरासरीत कोंबता येत नाही.

काय मोजायचं ते रुग्णाच्या बाजूनं ठरवा. तोंडाच्या लाळेतलं कुठलं तरी रसायन कमी झालं याच्याशी पेशंटला देणंघेणं नसतं. त्याला जेवता येतंय का, दुखतंय किती, रेडिएशन मध्येच थांबवावं लागलं का, हे महत्त्वाचं. मुख्य परिणाम एक, फार तर दोन. बाकी दुय्यम.

तपासा: हाच प्रश्न आधी कुणी सोडवलाय का? पबमेड (वैद्यकीय पेपरांची सूची), कॉक्रेन लायब्ररी (रिव्ह्यूंचा संग्रह) आणि प्रॉस्पेरो (चालू रिव्ह्यूंची नोंदवही) या तिन्हीत बघा. गेल्या दोन-तीन वर्षांत चांगला रिव्ह्यू झालेला असेल तर प्रश्न बदला. "आमच्या कॉलेजात कुणी केला नाही" हे कारण चालत नाही.

## टप्पा २: प्रोटोकॉल, आणि त्याची नोंदणी

सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते ती हीच पायरी. प्रोटोकॉल म्हणजे पुढच्या सगळ्या टप्प्यांत काय करणार याचं आधीच दिलेलं लेखी वचन. घेण्याचे-सोडण्याचे निकष, शोधायच्या जागा, शोधाचे शब्द, परिणाम कोणत्या आठवड्याचा धरणार, पक्षपात कोणत्या साधनानं तपासणार, आकडे एकत्र करता आले तर कसे आणि नाही आले तर काय. त्यासाठी प्रिझ्मा-पी नावाची १७ मुद्द्यांची यादी आहे. ती समोर ठेवून लिहा.

मग प्रॉस्पेरोवर नोंदवा. यॉर्क विद्यापीठातलं केंद्र ही नोंदवही २०११पासून चालवतं, पैसे लागत नाहीत. नंतर बदल करता येतो, पण केव्हा आणि काय बदललं ते तिथे दिसत राहतं. मुलं या दिसण्याला घाबरतात. घाबरू नका. बदलाचं कारण लिहिलेलं असेल तर परीक्षक मान डोलावतो. गुपचूप बदल केला तर मात्र तो नेमकं तेवढंच शोधून काढतो.

सावधान: "सर्च झालाय, प्रोटोकॉल नंतर टाकू" हे चालणार नाही. चाळणी सुरू व्हायच्या आत नोंद झालेली पाहिजे.

## टप्पा ३: शोध

आधी शब्दांचे गठ्ठे बांधा. आपल्या प्रश्नात मी दोनच गठ्ठे घेईन: हळद आणि म्युकोसायटिस. रेडिएशनचा गठ्ठा जाणूनबुजून सोडेन. विषय लहान आहे, पेपर फार निघणार नाहीत, आणि एखाद्या सारांशात रेडिएशन हा शब्दच नसेल तर तो उगाच हातचा जाईल. विषय मोठा असता, उदाहरणार्थ मधुमेह आणि मेटफॉर्मिन, तर हे परवडलं नसतं.

एका गठ्ठ्यातले शब्द 'ऑर'नं जोडायचे, दोन गठ्ठे 'अँड'नं. हळदीच्या गठ्ठ्यात टर्मरिक, कर्क्युमा लाँगा, कर्क्युमिन, कर्क्युमिनॉइड आणि हल्दी, हरिद्रा हे शब्दसुद्धा, कारण आयुर्वेदाच्या नियतकालिकांत तेच येतात. (शोधपेटीत अर्थातच हे रोमन लिपीत टाकायचं.) 'कर्क्युम' एवढंच लिहून पुढे तारा (*) लावला की त्यापासून सुरू होणारे सगळे शब्द येतात. पण पबमेडमध्ये तारा लावला की तो स्वतःहून जे समानार्थी शब्द जोडतो ते जोडणं बंद होतं. म्हणून समानार्थी शब्द आपले आपण लिहायचे.

पबमेडची स्वतःची विषयसूची आहे, मेश. त्यात तोंडाचा म्युकोसायटिस 'स्टोमॅटायटिस' या शीर्षकाखाली येतो. हे माहीत नसेल तर निम्मा माल दुसऱ्याच गोदामात पडून राहतो. उलट नुसतं मेशवरही विसंबू नका. अगदी ताज्या पेपरांना मेशचं लेबल लागायचं राहिलेलं असू शकतं. मेश आणि साधे शब्द, दोन्ही हवेत.

आता जागा. एकटं पबमेड पुरत नाही. कॉक्रेनचं सेंट्रल (चाचण्यांची यादी) बघा, नर्सिंगचा विषय असेल तर सिनाहल, कॉलेजकडे असेल तर एम्बेस आणि स्कोपस. हळदीसारख्या विषयाला आयुष रिसर्च पोर्टल सोडायचं नाही. चालू आणि न छापलेल्या चाचण्यांसाठी सीटीआरआय (चाचण्यांची भारतीय नोंदवही), थीसिससाठी शोधगंगा.

न छापलेल्याचा एवढा आग्रह का? सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, आठवा. वरून बघितलं तर सपाट जमीन, खाली हळदीचा साठा. ज्या चाचणीत हळदीचा उपयोग दिसला नाही, ती पुष्कळदा अशीच कुणाच्या तरी कपाटाच्या पेवात राहते. वर दिसतात ते फक्त उपयोग झाला म्हणणारे पेपर. सीटीआरआयवर नोंद आहे, भरती संपून चार वर्षं झाली, पण पेपर नाही, अशी चाचणी सापडली तर ती स्वतंत्र यादीत लिहा. तीही माहितीच आहे.

पूर्ण पेपर मिळवणं ही वेगळी लढाई. सरकारी कॉलेजात असाल तर ग्रंथपालांना 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'बद्दल विचारा. ही योजना १ जानेवारी २०२५पासून सुरू आहे. खासगी कॉलेजात असाल तर लेखकाला मेल टाका. आठ दिवसांनी आठवण, पंधरा दिवसांनी शेवटची आठवण. तिन्ही तारखा वहीत.

सावधान: गूगल स्कॉलर पूरक म्हणून ठीक, मुख्य म्हणून नाही. तोच शोध पुन्हा तसाच करून दाखवता येत नाही, आणि नेमकं तेच तुम्हाला दाखवून द्यायचं असतं.

तपासा: विषयातले चार-पाच पेपर तुम्हाला आधीच माहीत असतात. तुमच्या शोधात ते सगळे आले का? एक जरी सुटला तर शब्द चुकलेत. तो का सुटला ते बघा, शब्द सुधारा, पुन्हा चालवा. मग प्रत्येक ठिकाणचा पूर्ण शोध, शब्दन् शब्द, तारीख आणि मिळालेली संख्या लिहून ठेवा. "आम्ही पबमेडवर हळद शोधली" एवढ्यानं भागत नाही.

## टप्पा ४: चाळणी

सगळं एकत्र करा, दुबार नोंदी काढा, मग दोघांनी वेगवेगळं बसून शीर्षक आणि सारांश वाचा. रायानमध्ये एकमेकांचे निर्णय झाकून ठेवायची सोय आहे. ती चालू ठेवा. एकाच बाकावर बसून "हा घ्यायचा ना गं?" असं विचारत केलेली चाळणी एकाच माणसाची ठरते.

सुरुवातीला दोघांनी मिळून पन्नास सारांश चाळून बघा. खूप मतभेद झाले तर निकष धूसर आहेत असं समजा. भांडू नका, निकष नीट लिहा. शंका आली की पहिल्या फेरीत आत घ्यायचं, बाहेर काढायला दुसरी फेरी आहेच.

दुसऱ्या फेरीत पूर्ण पेपर वाचायचा आणि सोडताना प्रत्येकाचं एक कारण लिहायचं. डिलीट काहीही करायचं नाही.

संख्या जुळल्या पाहिजेत. समजा (हे आकडे मनातले आहेत) एकूण नोंदी ८१२, दुबार २१४, उरल्या ५९८. सारांश वाचून ५५१ सोडल्या, पूर्ण पेपर मागवले ४७. तीन मिळाले नाहीत, वाचले ४४, त्यातले ३३ सोडले, राहिले ११. पण हे ११ अहवाल आहेत, अभ्यास नव्हेत! त्यात एकच चाचणी थीसिस म्हणून एकदा आणि पेपर म्हणून एकदा आलेली असू शकते. तसं दोन ठिकाणी असेल तर अभ्यास ९. नोंद, अहवाल आणि अभ्यास हे तीन वेगळे शब्द आहेत, आणि प्रिझ्मा २०२० या रिव्ह्यू लिहिण्याच्या नियमावलीतल्या आकृतीत ते वेगळेच मोजतात.

तपासा: दुहेरी चाचणी ओळखायची खूण म्हणजे सीटीआरआय क्रमांक. तो नसेल तर शहर, भरतीचा काळ, रुग्णसंख्या आणि लेखकांची नावं ताडून बघा. तेच पेशंट दोनदा मोजले की निकाल उगाच ठाम दिसतो.

## टप्पा ५: माहिती काढणं

या टप्प्यावर मी स्वतः आपटले आहे, म्हणून जरा रेंगाळते.

माझ्या पहिल्या रिव्ह्यूत एका छोट्याशा चाचणीचा चौकोन फॉरेस्ट प्लॉटमध्ये विटेएवढा आला होता. मला तो छानच वाटला. आमच्या विभागातल्या एका ज्युनियरनं विचारलं, "मॅडम, पंचवीसच पेशंट आहेत, मग एवढं वजन कसं?" उत्तर लाजिरवाणं होतं. पेपरात सरासरीपुढे 'अधिक-उणे' असा जो आकडा होता तो मी स्टँडर्ड डेव्हिएशन (पेशंटांच्या आकड्यांचा फैलाव) समजून भरला. तो होता स्टँडर्ड एरर (सरासरी किती डळमळीत आहे याचं माप). तक्त्याखाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं.

हिशोब बघा. गटात २५ पेशंट, दुखण्याचा गुण ३.२, पुढे ०.४. हा स्टँडर्ड एरर असेल तर त्याला २५च्या वर्गमुळानं, म्हणजे ५नं गुणायचं. खरं डेव्हिएशन २.० निघतं. दोन्ही गटांत हीच चूक केली तर फिक्स्ड मॉडेलमध्ये (सगळ्या अभ्यासांत खरा परिणाम एकच, असं धरणारी पद्धत) त्या अभ्यासाचं वजन २५ पट फुगतं. आणि गणित न करताही हे पकडता येतं. शून्य ते दहाच्या पट्टीवर डेव्हिएशन ०.४ म्हणजे जवळजवळ सगळ्यांचं दुखणं अडीच ते चारच्या मध्ये. रेडिएशनच्या वॉर्डात एकदा चक्कर मारा आणि सांगा, पंचवीस माणसांचं दुखणं इतकं सारखं असतं का?

डेव्हिएशन दिलंच नसेल आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरा आकडा ज्या दोन टोकांत असावा तो पट्टा) असेल, तर वरच्या टोकातून खालचं टोक वजा करा, ३.९२नं भागा, रुग्णसंख्येच्या वर्गमुळानं गुणा. गट लहान असेल तर ३.९२ऐवजी टी-वितरणातला आकडा लागतो. मीडियन दिलं असेल तर ते सरासरीच्या रकान्यात ढकलू नका.

दुसरा खड्डा मोजपट्टीचा. डब्ल्यूएचओची म्युकोसायटिसची पट्टी ० ते ४ आहे. तीत माणूस काय खाऊ शकतो हे मोठं मानलंय: ग्रेड ३ म्हणजे फक्त पातळ पदार्थ जातात, ग्रेड ४ म्हणजे तोंडावाटे काहीच नाही. आरटीओजीची पट्टी तोंडात डोकावून चट्टे बघते, ते सुटे आहेत की एकमेकांत मिसळलेले. दोन्हीकडे 'ग्रेड ३' लिहिलेलं असतं, पण दोन्ही ग्रेड ३ एक नव्हेत. रकान्यात आकड्याशेजारी पट्टीचं नाव हवंच.

तिसरा खड्डा वेळेचा. रेडिएशन साधारण सहा-सात आठवडे चालतं आणि तोंड दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून बिघडायला लागतं. एका पेपरात तिसऱ्या आठवड्याचा निकाल ठळक, दुसऱ्यात सहाव्याचा. प्रत्येक पेपरातून सगळ्यात गोड दिसणारा आठवडा उचलायचा मोह होतो. प्रोटोकॉलमध्ये सहावा लिहिलाय ना? मग सहावाच.

आणि तीन गटांच्या चाचण्या. समजा एका गटाला दिवसातून दोनदा हळदीच्या गुळण्या, दुसऱ्याला चारदा, तिसरा ४० जणांचा तुलना-गट. तुम्ही दोन ओळी करता आणि दोन्हीत तेच ४० जण घालता. झाले ८०! एक तर दोन्ही हळदीचे गट एकत्र करा, नाहीतर तुलना-गट २०-२० असा वाटा.

तपासा: खरी फाइल भरण्याआधी तीन पेपरांवर फॉर्म चालवून बघा. रकाने कमी पडतातच. मग दोघांनी स्वतंत्र भरा आणि फाइली शेजारी ठेवून ताडा. शेवटी प्रत्येक पेपर मागे घेतला गेलाय का, हेही पबमेडवर बघून घ्या.

## टप्पा ६: हळकुंड मोडून बघणं

मार्केट यार्डात हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय जाणता व्यापारी भाव बोलत नाही. पेपराचंही तसंच. यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या) चाचणीसाठी आरओबी-२ हे साधन वापरा. त्यात पाच बाजू आहेत: गट पाडण्याची पद्धत, ठरल्या उपचारापासून झालेली फारकत, गळालेली माहिती, मोजण्याची पद्धत आणि हवे तेवढेच निकाल छापणं. प्रत्येक बाजूला निर्णय तीनच: धोका कमी, थोडी शंका, धोका जास्त. गट चिठ्ठ्यांनी पाडलेले नसतील तर रोबिन्स-आय घ्यावं लागेल. ते किचकट आहे, दुप्पट वेळ धरा.

हळदीच्या उदाहरणात मोजण्याच्या बाजूवर थांबा. पेपरात 'डबल ब्लाइंड' लिहिलेलं असतं. पण गुळणी पिवळी आहे! चव आहे, वास आहे. पेशंटला कळतं आपल्याला काय मिळालं. तपासायला आलेल्या डॉक्टरलाही जिभेवरचा पिवळेपणा दिसतो. मग लेखकांनी तुलना-गटाच्या पाण्यालाही रंग दिला होता का? तपासणी गुळणीनंतर किती तासांनी केली? पेपरात हे शोधा. सापडलं नाही तर लेखकाला विचारा. दुखणं हा पेशंटनं स्वतः सांगायचा गुण, त्यामुळे इथे शंका मोठी. वजन मात्र काट्यावर मोजलेलं असतं, तिथे कमी. म्हणजे एकाच अभ्यासाचा निर्णय परिणामागणिक बदलू शकतो. "अभ्यास चांगला आहे" असा सरसकट शिक्का मारू नका.

नोंदणीची तारीखही बघा. सीटीआरआयच्या क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो. भरती त्याआधी सुरू झालेली दिसली तर तो पेपर बारकाईनं वाचा. १ एप्रिल २०१८पासून सीटीआरआय अशी मागाहून नोंदणी घेत नाही, पण आधीच्या चाचण्यांत ती सापडते.

सावधान: गुणांची बेरीज करून "१० पैकी ७, म्हणजे चांगला" असं करू नका. एकच घोडचूक बाकी नऊ गुण खाऊन टाकते.

## टप्पा ७: आकडे एकत्र करणं

आता फॉरेस्ट प्लॉट. आधी स्वतःला विचारा, हे अभ्यास एकत्र घालण्याजोगे आहेत का? गुळणी आणि कॅप्सूल, आयोडीन आणि नुसती देखभाल, हे वेगळं ठेवायचं असं आपण टप्पा १मध्येच ठरवलंय. प्रत्येक गटात दोन-तीन अभ्यास उरले तर तेवढेच. मेटा-ॲनालिसिस, म्हणजे आकड्यांचं एकत्रीकरण, झालंच पाहिजे असा नियम नाही. आकडे एकत्र होत नसतील तर स्विम ही २०२०ची मार्गदर्शिका आहे, त्याप्रमाणे तक्ते आणि शब्दांत मांडा. पण "नऊपैकी सहा अभ्यासांत पी व्हॅल्यू ०.०५च्या खाली, म्हणून उपयोगी" ही मतमोजणी करू नका. निवडणूक नाही ही. वीस पेशंटांच्या चाचणीला आणि दोनशेंच्या चाचणीला एकेकच मत कसं देणार?

मॉडेल आधी ठरवा: फिक्स्ड, की रँडम (खरा परिणाम अभ्यासागणिक वेगळा असू शकतो असं धरणारं). आय-स्क्वेअर म्हणजे अभ्यासांतली तफावत टक्क्यांत सांगणारा आकडा. "आय-स्क्वेअर ५०च्या वर गेला म्हणून रँडम केलं" हे वाक्य मला दर दुसऱ्या थीसिसमध्ये सापडतं, आणि कॉक्रेनच्या हँडबुकात नेमकं हेच करू नका म्हटलंय. अभ्यासांतले रुग्ण, डोस, तुलना वेगवेगळ्या असणार हे आधीच दिसत असेल तर सुरुवातीलाच रँडम लिहा. आय-स्क्वेअर मोठा आला तर कारण शोधा. बहुतेकदा आकडा भरण्यातली चूक असते. माझ्या विटेसारखी.

फनेल प्लॉट (न छापलेले अभ्यास राहून गेलेत का याचा अंदाज देणारं ठिपक्यांचं चित्र) दहापेक्षा कमी अभ्यासांवर काढू नका. पाच ठिपक्यांत कुणालाही हवा तो आकार दिसतो.

तपासा: धोका जास्त असलेले अभ्यास बाजूला काढून पुन्हा चालवा. निकाल उलटला तर ते लपवू नका, निष्कर्षात पहिल्या ओळीत घाला.

## टप्पा ८: खात्री किती, आणि लिहायचं कसं

निकाल मिळाला, पण त्यावर भरवसा किती? ग्रेड नावाच्या पद्धतीत (म्युकोसायटिसच्या ग्रेडशी याचा संबंध नाही) चार पायऱ्या आहेत: उच्च, मध्यम, कमी, अगदी कमी. यादृच्छिक चाचण्यांचा पुरावा 'उच्च'वरून सुरू होतो आणि पाच कारणांनी खाली येतो: पक्षपाताचा धोका, अभ्यासांत मेळ नसणं, पुरावा आडवळणाचा असणं, आकड्यांत नेमकेपणा नसणं आणि न छापलेल्यांची शंका. प्रत्येक मुख्य परिणामाला वेगळा दर्जा, आणि एक पायरी उतरवली तर का, ते तळटीपेत.

लिहिताना एकच चूक वारंवार होते. "फरक दिसला नाही" आणि "फरक नाही" यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कॉन्फिडन्स इंटर्व्हल रुंद असेल, एका टोकाला मोठा फायदा आणि दुसऱ्याला थोडा तोटा, तर लिहायचं: "या पुराव्यावरून सांगता येत नाही." हे वाक्य लिहायला मुलांना संकोच वाटतो. गाइडनाही वाटतो. पण उद्या कुणी पेशंट "हळदीनं भागतंय ना, मग डॉक्टरांनी दिलेलं औषध कशाला?" म्हणाला, तर त्याला उत्तर देताना हेच वाक्य कामी येणार आहे.

## जमा करण्याआधी

प्रिझ्मा २०२०ची २७ मुद्द्यांची यादी घ्या आणि प्रत्येक मुद्द्यापुढे तुमच्या मजकुराचा पान क्रमांक टाका. "केलं" असं लिहू नका, पान टाका. तीन-चार ठिकाणी पान सापडणार नाही, तिथे लिहायचं राहून गेलेलं असतं. मग आमस्टार-२ची १६ प्रश्नांची यादी मैत्रिणीला द्या आणि तुमचाच रिव्ह्यू परक्याचा समजून तपासायला सांगा. तिला चहा-भडंग द्या, पण उत्तरं सुचवू नका.

प्रोटोकॉल उघडा आणि ओळीनं ताडा. बदललं तिथे "प्रोटोकॉलमधील बदल" या मथळ्याखाली कारण लिहा.

शेवटचा शोध कधी केला होता ती तारीख वहीत बघा. वर्ष उलटलं असेल तर सगळे शोध पुन्हा चालवा, नवीन निघालेले पेपर त्याच चाळणीतून न्या आणि आकृतीतले आकडे सुधारा. मग सोडलेल्या ३३ पेपरांचा तक्ता, कारणासकट, परिशिष्टात लावा. परीक्षक वायवाला (तोंडी परीक्षेला) बोट ठेवणार ते नेहमी त्याच तक्त्यावर: "हा का घेतला नाही?" तेव्हा वही सोबत असू द्या.